विश्लेषण : पोकेमॉनच्या लढतीत ‘वेळकाढू’ बचाव खरेच डोईजड झाला आहे का?

समोरच्या खेळाडूची गुलाबी, गोलमटोल ब्लिसी मैदानात उभी आहे. तुम्ही सगळा जोर लावून हल्ला करता आणि तिची 40 टक्के हेल्थ जाते. पुढच्या चालीत ती ‘सॉफ्ट-बॉइल्ड’ वापरून गेलेली सगळी हेल्थ परत मिळवते. तुम्ही पुन्हा मारता, ती पुन्हा भरून काढते. दहा मिनिटे झाली तरी गाडे जिथल्या तिथे. फरक एवढाच, की मधल्या काळात तुमच्या दोन पोकेमॉनना विषबाधा झालेली असते आणि दर चालीला त्यांची हेल्थ आपोआप झिरपत असते. आणखी दहा मिनिटांनी तुम्ही हरता. प्रतिस्पर्ध्याने एकही मोठा घाव घातलेला नसतो.

या डावपेचाला खेळाडू ‘स्टॉल’ म्हणतात. (वडापावचा नव्हे, वेळ काढणे या अर्थाचा.) पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळात गेली वीसहून अधिक वर्षे यावरून वाद सुरू आहे. स्टॉल प्रमाणाबाहेर ताकदवान, म्हणजे ‘ओव्हरपॉवर्ड’ आहे का, की ही निव्वळ हरणाऱ्याची चिडचिड?

लढत चालते कशी?

कार्टून नेटवर्कवर अॅश आणि पिकाचूला पाहत मोठे झालेल्यांना पोकेमॉन ठाऊक आहे, पण मूळ खेळ त्याआधीचा. 1996 मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेमबॉयवर तो आला. मालिकेत अॅश ओरडून आज्ञा देतो आणि बहुतेक वेळा जिद्दीवर जिंकतो. स्पर्धात्मक खेळात जिद्दीपेक्षा बुद्धिबळासारखा हिशेब चालतो.

प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन, प्रत्येक पोकेमॉनकडे चार चाली. दोन्ही खेळाडू एकाच वेळी, एकमेकांना न दाखवता निर्णय घेतात : एखादी चाल वापरायची, की मैदानातला पोकेमॉन बदलायचा. बदल केला तर ती पाळी त्यातच खर्च होते. ज्याचे सहाही गारद झाले तो हरला. कंपनीच्या अधिकृत स्पर्धा दोन विरुद्ध दोन पद्धतीने होतात. एकास एक लढतींचे नियम मात्र प्रामुख्याने ‘स्मोगॉन’ हा खेळाडूंचाच समुदाय ठरवतो आणि त्या ‘पोकेमॉन शोडाउन’ या मोफत सिम्युलेटरवर खेळल्या जातात. स्टॉलचा वाद मुख्यतः या एकास एक खेळातला आहे.

स्टॉलचा संघ काय करतो?

या संघातले पाच-सहाही पोकेमॉन ‘वॉल’ असतात. क्रिकेटप्रेमींना हा शब्द राहुल द्रविडमुळे ओळखीचा आहे आणि अर्थही तोच : भिंत. ही भिंत मार खाते, स्वतःची डागडुजी करते आणि प्रतिस्पर्ध्याला आडमार्गाने झिजवते.

आडमार्ग म्हणजे, उदाहरणार्थ, ‘टॉक्सिक’ हे वाढत जाणारे विष. पहिल्या चालीला ते एकूण हेल्थच्या सोळाव्या हिश्शाएवढे नुकसान करते, दुसऱ्याला दोन सोळांश, तिसऱ्याला तीन. पाच चालींत सोळापैकी पंधरा हिस्से जातात आणि सहाव्या चालीला काम तमाम. पोकेमॉन मैदानाबाहेर नेला तर ही मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून विष लागलेला खेळाडू सतत बदल करू लागतो. स्टॉल खेळणाऱ्याला नेमके हेच हवे असते. कारण त्याने आधीच मैदानात ‘स्टेल्थ रॉक’ म्हणजे टोकदार दगड पेरून ठेवलेले असतात आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला ते लागतात. साधारण पोकेमॉनची साडेबारा टक्के हेल्थ जाते, पण दगडापुढे दुप्पट कमकुवत ठरणाऱ्या दोन प्रकारांचा मेळ असलेल्या चारिझार्डची थेट 50 टक्के. बाहेर जावे तर दगड, आत राहावे तर विष. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच.

भिंत भक्कम का वाटते?

सगळे गणित 50 टक्क्यांभोवती फिरते. ‘रिकव्हर’, ‘रूस्ट’, ‘सॉफ्ट-बॉइल्ड’ या चाली एका पाळीत निम्मी हेल्थ परत देतात. तुमचा हल्ला दर वेळी निम्म्याहून कमी नुकसान करत असेल, तर तुम्ही नळ चालू ठेवून गळकी बादली भरत आहात. निम्म्याहून थोडे जरी अधिक होत असेल, तर तीच भिंत दोन घावांत कोसळते. मधला मार्ग फार अरुंद आहे. त्यामुळेच स्टॉलसमोर खेळताना खेळाडूला एक तर काहीच जमत नाही किंवा सगळेच जमते.

आता ब्लिसीचे आकडे पाहा. तिचा मूळ हेल्थचा आकडा 255 आहे, सर्व पोकेमॉनमध्ये सर्वाधिक. आग, वीज, किरण अशा ‘स्पेशल’ हल्ल्यांविरुद्धचा बचाव 135. शारीरिक हल्ल्यांविरुद्धचा बचाव मात्र अवघा 10. म्हणजे अर्धी भिंत काँक्रीटची आणि अर्धी पुठ्ठ्याची. म्हणून तिच्या जोडीला स्कारमरी हा पोलादी पक्षी येतो. त्याचा शारीरिक बचाव 140, विष त्याला लागत नाही, जमिनीवरून येणारे हल्ले त्याच्याखालून जातात. स्पेशल हल्ला आला की ब्लिसी पुढे, शारीरिक आला की स्कारमरी. या जोडीचे नाव खेळाडूंनी ‘स्कार्मब्लिस’ असे एकत्रच करून टाकले आणि तिसऱ्या पिढीच्या खेळांत तिने अनेकांची झोप उडवली.

पुढे या भिंतींना आणखी गिलावा मिळाला. 2010 मधल्या पाचव्या पिढीत ‘रीजनरेटर’ ही क्षमता आली. ती असलेला पोकेमॉन मैदानाबाहेर गेला, की त्याची एक तृतीयांश हेल्थ फुकटात भरते, चालही खर्च होत नाही. 2016 मध्ये ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत आलेल्या टॉक्सापेक्सकडे ही क्षमता आहे, शिवाय शारीरिक बचाव 152 आणि स्पेशल बचाव 142. ‘अनअवेअर’ क्षमतेचे पोकेमॉन तर प्रतिस्पर्ध्याने चार चाली खर्चून वाढवलेली ताकद सरळ दुर्लक्षित करतात. एवढे वाचल्यावर कोणालाही वाटेल, की हा प्रकार ओव्हरपॉवर्ड नाही तर काय?

खरा संथ काळ कोणता होता?

पोकेमॉनचा सर्वात बचावात्मक काळ आजचा नाही. तो 1999 मध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या दुसऱ्या पिढीचा होता. त्यामागचे कारण तांत्रिक आहे आणि मजेशीरही. तेव्हा पोकेमॉनला कसून तयार केले की त्याचे सगळेच गुण कमालीपर्यंत नेता येत. हेल्थ वाढवायची की हल्ला, असा प्रश्नच नव्हता, दोन्ही मिळत. त्यामुळे जोरदार हल्ला करणारा पोकेमॉनही पक्क्या हाडापेराचा असे. त्यात दर पाळीला सोळावा हिस्सा हेल्थ परत देणारी ‘लेफ्टओव्हर्स’ ही वस्तू आली. स्नॉर्लॅक्स हा तिथला राजा. तो ताकद वाढवत बसे, मार फार झाला की ‘रेस्ट’ने झोपी जाई आणि पूर्ण बरा होऊन उठे. लढती शेकडो चाली चालत.

तिसऱ्या पिढीने या गुणांवर एकूण 510 गुणांची मर्यादा घातली. एका बाजूला घातले की दुसऱ्या बाजूचे कमी. हल्ला करणारे त्या दिवसापासून हलक्या अंगाचे झाले. 2006 च्या चौथ्या पिढीत प्रत्येक चाल स्वतंत्रपणे शारीरिक की स्पेशल हे ठरू लागले. त्याआधी ते प्रकारावरून ठरत असे. ब्लिसीच्या पुठ्ठ्याच्या बाजूला भोक पाडणाऱ्या चाली अचानक कितीतरी जणांना मिळाल्या. थोडक्यात, ज्याला आज ‘असह्य स्टॉल’ म्हणतात, तो दुसऱ्या पिढीत सर्वांचाच नेहमीचा खेळ होता आणि त्याला वेगळे नाव देण्याची फारशी गरजही नव्हती. बाकीचे वेगवान झाले तेव्हा हा वेगळा दिसू लागला.

मग स्टॉल हरतो कशाने?

हरण्याचे मार्ग भरपूर आहेत आणि नवख्या खेळाडूला ते माहीत नसतात, हे या वादातले एक उघड गुपित. ‘टॉन्ट’ ही चाल प्रतिस्पर्ध्याला तीन पाळ्या फक्त हल्लाच करायला भाग पाडते. डागडुजी बंद झालेली ब्लिसी फारशी भीतिदायक राहत नाही. ‘ट्रिक’ने वस्तूंची अदलाबदल करून एकच चाल वापरता येईल अशी वस्तू भिंतीच्या गळ्यात अडकवता येते. ‘नॉक ऑफ’ तिची वस्तू पाडून टाकते. संघात अशा दोन चाली असल्या तरी सामन्याचे चित्र बदलते.

त्याहून मोठी गोष्ट नशिबाची. स्टॉलमुळे नशिबाचा भाग कमी होतो, असा एक समज आहे, पण प्रत्यक्षात तो वाढू शकतो. सातव्या पिढीपासून कोणताही साधा हल्ला ‘क्रिटिकल’ ठरण्याची शक्यता 24 त 1 असते आणि तसा घाव दीडपट बसतो. एकच घाव पाहिला तर ही शक्यता किरकोळ. पण स्टॉलला असे 24 घाव झेलावे लागले, तर त्यात किमान एक क्रिटिकल असण्याची शक्यता जवळपास 64 टक्के होते. वरच्या उदाहरणात 40 टक्क्यांचा घाव असा 60 चा होतो आणि आधीच्या घावामुळे 60 वर आलेली ब्लिसी जागीच आडवी होते. हल्ला करणाऱ्याला दोन चाली बरोबर खेळायच्या असतात, तर स्टॉलवाल्याला साठ. त्यातली एक चुकली, तरी भिंतीचा एक दगड निखळतो आणि मग उरलेल्या पाचांत त्या दगडाचे काम करणारा कोणी नसतो.

आणखी एक अडचण संघ बांधतानाच येते. पोकेमॉनची संख्या आता हजारावर गेली आहे. हल्लेखोर संघाला प्रश्न विचारायचे असतात, तर स्टॉलच्या संघाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सहा जागांत बसवायचे असते. 2022 च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये तर लढतीच्या मध्येच पोकेमॉनचा प्रकार बदलणारे ‘टेरास्टल’ आले. म्हणजे प्रश्नपत्रिका परीक्षा सुरू असताना बदलते.

मग बंदी कशावर आली?

स्मोगॉनमध्ये एखादी गोष्ट संशयास्पद वाटली तर ठरावीक गुणांकन मिळवणारे खेळाडूच तिच्यावर मतदान करतात. बंदीसाठी साधे बहुमत पुरत नाही, 60 टक्के मते लागतात. या मतदानांचा इतिहास स्टॉलच्या वादात फार बोलका आहे, कारण कुऱ्हाड पडली ती प्रामुख्याने कुलपांवर.

उदाहरण डगट्रिओचे. हा जमिनीतून डोके काढणारा तीन तोंडांचा चिचुंद्रीसारखा पोकेमॉन, अंगाने अगदीच किरकोळ. पण त्याची ‘अरीना ट्रॅप’ ही क्षमता जमिनीवरच्या प्रतिस्पर्ध्याला मैदान सोडू देत नाही. स्टॉलच्या संघात तो अशासाठी घेतला जाई, की भिंत फोडू शकणारा तुमचा एकमेव पोकेमॉन मैदानात आला की डगट्रिओ येऊन त्याला कोंडायचा आणि संपवायचा. त्यानंतर भिंतीला धोकाच उरत नसे. वर सांगितलेला ‘संघात उत्तरे ठेवा’ हा सल्ला इथे निरुपयोगी ठरे, कारण उत्तरच पळवले जाई. ‘सन’ आणि ‘मून’च्या काळात मुख्य गटात अरीना ट्रॅपवर बंदी आली. त्याआधीच्या पिढीत गॉथिटेलसारख्यांकडे असलेल्या ‘शॅडो टॅग’चीही तीच गत झाली होती. ब्लिसी आणि स्कारमरी मात्र राहिले.

दुसरा किस्सा स्लोब्रोचा. काही चतुर डोक्यांनी असा स्लोब्रो बनवला, जो प्रतिस्पर्ध्याला अडवून ठेवायचा आणि चक्क त्याचीच हेल्थ भरायचा! कारण असे, की चालींचे वापर संपले की पोकेमॉनला स्वतःलाच इजा करणारी ‘स्ट्रगल’ वापरावी लागते आणि त्यात तो शेवटी पडतो. हा स्लोब्रो त्याला पडूही देत नसे. स्वतःच्या चाली एका बेरीने भरून घ्यायच्या, खाल्लेली बेरी ‘रिसायकल’ने परत मिळवायची आणि प्रतिस्पर्ध्याला ‘हील पल्स’ने जिवंत ठेवायचे. सामना संपणारच नाही. जिंकायचे कसे? समोरचा कंटाळून निघून गेला की. खेळाडूंनी त्याला ‘फनब्रो’ म्हटले आणि अशा न संपणाऱ्या लढतींविरुद्ध वेगळा नियमच करावा लागला.

माझ्या मते उत्तर इथेच सापडते. बचाव करणे हा गुन्हा ठरला नाही, प्रतिस्पर्ध्याचा पर्याय काढून घेणे हा ठरला. भिंतीसमोर उभ्या असलेल्याला निदान हत्यार शोधता येते, पण कुलूपबंद खोलीत तेही जमत नाही.

खेळ बनवणाऱ्यांची भूमिका काय?

त्यांनी गाजावाजा न करता भिंतीचे सिमेंट कमी केले. प्रत्येक चाल किती वेळा वापरता येईल याला मर्यादा असते, तिला ‘पीपी’ म्हणतात. नवव्या पिढीत रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड यांचे मूळ पीपी 10 वरून 5 वर आणले गेले. वाढवून घेतले तरी जास्तीत जास्त 8, पूर्वी ते 16 होत. याचा परिणाम साध्या गुणाकाराने दिसतो. 40 टक्के नुकसान करणारा हल्ला 16 वेळा वापरता आला, तर एकूण घाव 640 टक्के. पूर्वी भिंत स्वतःची 100 आणि डागडुजीची 800 मिळून जास्तीत जास्त 900 टक्के झेलू शकत होती. आता हा आकडा 500 वर येतो. पूर्वी न फुटणारी भिंत आता केवळ चिकाटीने फुटू शकते. जोडीला, एके काळी जवळपास सर्वांना शिकता येणारी टॉक्सिक मोजक्यांपुरती उरली आणि अशा त्रासदायक चाली ज्याला लागतच नाहीत असा गोल्डेंगो आला.

अधिकृत स्पर्धांत स्टॉलला मुळातच जागा कमी. दोन विरुद्ध दोनच्या खेळात दोघे मिळून एकालाच मारू शकतात, त्यापुढे 50 टक्क्यांची डागडुजी पुरत नाही. शिवाय घड्याळ आहे. अलीकडच्या खेळांत प्रत्येक चालीला 45 सेकंद, प्रत्येक खेळाडूला स्वतःची एकूण 7 मिनिटे आणि पूर्ण सामना 20 मिनिटांचा. वेळ संपली तर ज्याचे अधिक पोकेमॉन शिल्लक तो जिंकतो, संख्या सारखी असेल तर उरलेली हेल्थ पाहतात. गंमत अशी, की यातून वेळकाढूपणाची दुसरी जात जन्मली. एक पोकेमॉन पुढे गेलो, की उरलेली मिनिटे ‘प्रोटेक्ट’ आणि बदलाबदलीत घालवायची.

तरी तिथेही बचावाला मान आहे. 2014 ची जागतिक स्पर्धा दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने जिंकली, तेव्हा त्याच्या संघात पाचिरिसू नावाची इवलीशी खार होती. ‘फॉलो मी’ वापरून साथीदारावर येणारे हल्ले ती स्वतःवर ओढवून घेई. त्या बचावाच्या आठवणी खेळाडू आजही काढतात, कोणीही त्याला रडका डाव म्हणत नाही.

तर मग राग कशाचा?

वेळेचा. हल्लेखोर संघाकडून हरलात तर पाच मिनिटे जातात, पुढचा सामना लगेच. स्टॉलकडून हरलात तर अर्धा तास जातो आणि त्यातली शेवटची वीस मिनिटे निकाल ठाऊक असताना खेळायची असतात. गुणांकनाच्या शिडीवर चढताना दोन्ही पराभवांची किंमत सारखी, पण डोक्याला होणारा ताप सारखा नाही.

ही तक्रार फक्त या खेळाची नाही. 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्‌सवर इंग्लंडच्या 334 धावांसमोर सुनील गावस्कर 174 चेंडूंत नाबाद 36 करून परतले आणि त्या खेळीची चर्चा अजून थांबलेली नाही. कबड्डीत पुढे असलेला संघ रिकाम्या चढाया करत वेळ काढू लागला, तेव्हा सलग तिसऱ्या चढाईत गुण घ्या नाही तर बाद व्हा, हा ‘डू ऑर डाय’चा नियम आला. कोणीही असे म्हटले नाही, की बचाव करणारे कोपरारक्षक फार ताकदवान झाले आहेत, त्यांच्यावर बंदी घाला. नियम घड्याळाभोवती फिरला.

म्हणून ‘ओव्हरपॉवर्ड’ हा शब्द स्टॉलला, निदान आजच्या खेळात, लागू पडत नाही. तो जिंकतो, पण फार जोखीम पत्करून जिंकतो. मात्र ‘कंटाळवाणे आहे म्हणून तक्रार करू नका’ हे स्टॉलसमर्थकांचे नेहमीचे उत्तरही पटणारे नाही. शोडाउनवर एक लढत कमाल 1000 चालींपर्यंत जाऊ शकते. समोरच्याचा अर्धा तास हीसुद्धा त्या लढतीत खर्च होणारी गोष्ट आहे, फक्त ती पडद्यावरच्या हिरव्या पट्टीत दिसत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला ‘पोकेमॉन चॅम्पियन्स’ हा केवळ लढतींसाठीचा खेळ स्मार्टफोनसाठीही आखलेला आहे. लोकलच्या दोन स्थानकांमध्ये सामना उरकू पाहणाऱ्यासमोर ब्लिसी उभी राहिली, तर तो टॉन्ट शोधेल की माघारीचे बटण दाबेल? स्टॉल खेळणाऱ्याला दोन्ही चालते. माघारीने मिळालेला विजयही शिडीवर तेवढाच मोजला जातो.